छप्पर कशाचे असावे?
अष्टागरातील पेंढा, झाप, बांबू आणि कौल यांविषयी काही विचार

(देवालयाच्या जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



जीर्णोद्धार म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो कळस. वर्गणीची पावती फाडताना माणूस कळसाचा विचार करतो, फरशीचा करतो, रंगाचा करतो. छपराचा विचार मात्र गळू लागल्यावरच होतो. वस्तुतः कोकणातील देऊळ जीर्ण होते ते बहुधा वरून. एखादे कौल सरकते. त्या फटीतून थेंब रिपेवर पडतो. रीप कुजली की वासा भिजतो, वाशातून पाणी तुळईच्या डोक्यात उतरते आणि मग भिंत फुगते. एका कौलाकडे वेळीच लक्ष गेले नाही म्हणून पुढे सबंध सभामंडप उतरवावा लागतो. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरील वाड्यांना आग लागली, छपरे जळाली, आणि आज तेथे पाहावयास मिळतात ती केवळ जोती. छप्पर गेले की मागे जोतेच उरते, हा धडा याच जिल्ह्याच्या मातीतला आहे.

या भाषणाचा विषय म्हणून साधा आहे. पेंढ्याचे पारंपरिक छप्पर आज बहुतेक घरांवरून उतरले. त्याच्या जागी दुसरे काय घालावे? निसर्गातून मिळणारे, याच भागातले, आणि पावसाला टिकणारे काही आहे की नाही? की पत्रा हाच सर्वांचा शेवट?

तीन कुंडे आणि तीन कसोट्या

चौलच्या श्रीरामेश्वराच्या देवळात तीन कुंडे आहेत : पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. पाऊस पडेनासा झाला की पर्जन्यकुंड उघडावे, अशी श्रद्धा पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्रद्धेची गोष्ट ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची. परंतु या तीन नावांत कोकणातील घरबांधणीचे सगळे शास्त्र सामावले आहे. छपराचे शत्रू तीनच : पाऊस, वारा आणि अग्नी. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. समुद्रावरचा वारा हा पाऊस सरळ खाली पडू देत नाही, आडवा मारतो. चूल, दिवा आणि आता विजेची तार यांमुळे अग्नी तर घरातच नांदतो.

या तिन्हींच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, चैत्र-वैशाखातला उकाडा. दुसरी, आणि बहुधा विसरली जाणारी, माणसाचे हात. छप्पर दुरुस्त करणारा माणूस गावात आहे का? ज्या छपराला हात लावणारा गावात उरला नाही, ते छप्पर कितीही चांगले असले तरी परके होय.

पेंढा का गेला?

ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना शाकारणी आठवत असेल. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरोघर छपरे शाकारली जात. खळ्यावर भाताचे भारे फळीवर झोडले जात, त्यामुळे पेंढा न मोडता लांबच्या लांब राही. तो उडवीत रचून ठेवायचा आणि उन्हाळ्यात छपरावर चढवायचा. खाली बांबूचे किंवा सुरूचे वासे, वर कारवीच्या किंवा बांबूच्या कांबी, आणि त्यांवर वळचणीपासून आढ्यापर्यंत एकावर एक पेंढ्याचे थर. पाखे चांगले उभे असावे लागे. छपराची अर्धी रुंदी जेवढी, जवळजवळ तेवढीच आढ्याची उंची. पेंढा पाणी अडवीत नाही, तो पाणी वाहून नेतो. उतार उभा असला की थेंब वरच्या काडीवरून खालच्या काडीवर घसरत पागोळीला जातो, आणि वीतभर जाडीच्या थरात तो दोन बोटांपेक्षा खोल उतरत नाही. उतार कमी झाला की तोच पेंढा पाणी पितो आणि कुजतो.

उकाड्याच्या कसोटीला पेंढ्याच्या तोडीचे दुसरे काहीच नाही. काडीकाडीत आणि काड्यांच्या मधल्या जागेत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. म्हणूनच पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आढ्याला टांगल्या की त्या छपराखाली दीर्घकाळ टिकत.

मग पेंढा गेला कशामुळे? लोक आळशी झाले म्हणून गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिले कारण शेतातच आहे. १९६० नंतरच्या दशकात जया, आय. आर. ८ यांसारखे बुटके वाण आले. पुढे कर्जतच्या भात संशोधन केंद्राने आणि खारजमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने नवे वाण दिले. धान्य वाढले, घरात भात पोटभर झाला, ही मोठीच गोष्ट. पण बुटक्या वाणाची काडीही बुटकी. बुटक्या काडीचा पेंढा छपरावर पकड धरीत नाही. दुसरे कारण मळणी यंत्राचे. यंत्रातून निघालेला पेंढा मोडलेला, चुरलेला असतो. तो गुरांना चालतो, छपराला नाही. तिसरे कारण, दरवर्षी नवा थर घालण्याला लागणारी माणसे. घरातले तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पुढे परिसरातील कारखान्यांत गेले. चौथे कारण आग. एका घराची ठिणगी वाऱ्याबरोबर दहा घरांवर जाते, आणि दाट वस्तीच्या कोळीवाड्यांत ही भीती रात्रंदिवस उशाशी असते. पाचवे कारण कागदावरचे. सरकारी घरकुल योजनांच्या हिशेबात गवताचे, पेंढ्याचे छप्पर म्हणजे ‘कच्चे घर’. ज्या घराला कच्चे म्हटले जाते त्यात राहण्याची लाज वाटू लागते, आणि त्या लाजेपायी कित्येक चांगली छपरेही उतरली.

पत्र्याचा हिशेब

पेंढ्याची जागा बहुतेक ठिकाणी पत्र्याने घेतली. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण गरिबाच्या घरावर तो एका दिवसात चढतो, ठिणगीने पेटत नाही, आणि वर्षावर्षाची शाकारणी चुकवतो. हे त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. मात्र त्याचा दुसरा रकाना फारसा कोणी भरत नाही. दुपारी पत्रा तापला की खालचे घर भट्टीसारखे होते. खाऱ्या हवेत त्याला गंज लवकर चढतो. आणि पाऊस पडू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. देवळाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे. आषाढ-श्रावणात पोथी लागते, सप्ताह बसतो, कीर्तन होते; नेमका तोच काळ मुसळधार पावसाचा. पत्र्याखालच्या मंडपात बुवांचा अभंग पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाही आणि मग ध्वनिक्षेपक मोठा करावा लागतो.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसाला कर्करोग करणारे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी. तो कापताना, फोडताना, घासताना उडणारी धूळ घातक. म्हणून जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर ते पाण्याने ओले करावेत, अखंड उतरवावेत, वरून फेकू नयेत, त्यांचे तुकडे अंगणात भराव म्हणून टाकू नयेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

झाप : दारातलाच पर्याय

अष्टागर म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांचा मुलूख. पेंढ्याच्या खालोखाल येथील जुने छप्पर म्हणजे झाप. माडाची झावळी मधोमध चिरून किंवा एका बाजूची पाती दुसऱ्या बाजूस वळवून ती विणायची, की झाप तयार. विणण्यापूर्वी झावळ्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याने पाती मऊ होतात, आणि पानातला गोडवा पाण्यात उतरल्यामुळे किडीचे भक्ष्यही कमी होते. बहुतेक वाड्यांत हे काम बायका करीत, आणि सवयीचा हात असला तर गप्पा मारता मारता झाप विणून होई.

हिशेब असा. एक माड वर्षाला सुमारे बारा झावळ्या टाकतो. पन्नास माडांच्या वाडीत वर्षाला सहाशे झावळ्या जमिनीवर पडतात. त्यांतल्या बऱ्याचशा चुलीत जातात किंवा बांधावर कुजतात. म्हणजे मालाला तोटा नाही; तोटा आहे तो विणणाऱ्या हातांचा. झापाचे आयुष्य एक पावसाळा, फार तर दोन. म्हणून राहत्या घराच्या मुख्य छपराला तो आता पुरेसा नाही, हे मान्य करावे. परंतु गोठा, पडवी, मासळी सुकविण्याचा मांडव, पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून बाहेरून लावायचा पडदा, लग्नाचा आणि उत्सवाचा मांडव, या सर्वांना झापासारखे थंड व स्वस्त आच्छादन दुसरे नाही.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. अलिबाग-नागाव-किहीमच्या किनाऱ्यावर शहरातून येणारे पाहुणे झापाच्या झोपडीत बसण्यासाठी पैसे मोजतात. ज्या छपराची गावाला लाज वाटली, त्याचीच शहराला हौस वाटू लागली. काही ठिकाणी तर प्लास्टिकचे नकली गवतही छपरांवर बसले आहे. ज्या गावात सहाशे झावळ्या बांधावर कुजतात, तेथे प्लास्टिकची झावळी विकत यावी यापरते दुर्दैव कोणते? गावच्या महिला मंडळाने झाप विणण्याचे काम अंगावर घेतले तर त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

ताडाचे पान माडाच्या पानापेक्षा जाड व चिवट असते आणि छपरावर अधिक काळ टिकते. कोकणात भेर्ली माडाच्या पानांच्या बुंध्याशी काळा, राठ तंतू मिळतो. समुद्रापलीकडे बाली बेटावर याच्याच जवळच्या जातीच्या ताडाचा काळा तंतू देवळांच्या छपरांना वापरतात आणि ती छपरे कित्येक दशके टिकतात. बालीतील ताड येथे मुबलक नाही, म्हणून ते जसेच्या तसे करता येणार नाही. मात्र पानापेक्षा तंतू जास्त टिकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नारळाचा काथ्याही तंतूच. वासे बांधायला नायलॉनची दोरी वापरली तर ती उन्हाने पिठासारखी होते. चांगला काथ्या सावलीत वर्षानुवर्षे टिकतो.

पेंढ्याला नवे आयुष्य

ज्यांना पेंढ्याचे वा गवताचे छप्पर ठेवायचेच आहे त्यांच्यासाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक चांगली रीत दिली आहे. माती आणि भुसा कुजवून केलेल्या गिलाव्यात थोडे पातळ केलेले डांबर मिसळायचे. असा गिलावा पावसाने धुऊन जात नाही. तो गवताच्या छपरावर लिंपला की ठिणगी पडली तरी छप्पर चटकन पेट घेत नाही, आणि गवताचे आयुष्यही वाढते. अग्निकुंडाचे भय यामुळे पुष्कळ कमी होते. नाहीसे होत नाही. म्हणून गवती छपराखाली विजेची तार उघडी नसावी, ती नळीतून न्यावी. चूल छपराच्या टोकाशी नसावी. आणि दिवाळीचे फटाके अशा घराजवळ उडवू नयेत.

बांबू

बांबूविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. बांबू हे गवतच होय, आणि तीन-चार वर्षांत कापणीला येते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरच्या जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या बांधावरचा बांबू तोडण्यास शेतकऱ्याला पूर्वी जी अडचण होती ती यामुळे दूर झाली.

उभा चिरलेला बांबू एक उताणा आणि त्यावर एक पालथा, असा रचून छप्पर करण्याची रीत पूर्वेकडील देशांत आहे. तिची रचना अगदी नळीच्या कौलासारखी. परंतु कोकणच्या पावसात उघडा बांबू लवकर काळा पडतो आणि कुजतो, आणि त्यातल्या पिठूळ अंशामुळे त्याला भुंगा लागतो. जुने लोक बांबू पावसाळा संपल्यावर तोडीत आणि वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवीत, त्यामागचे कारण हेच होते. आता बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात तो मुरवितात. ही औषधे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे पावसात भिजणाऱ्या बांबूतून ती धुऊन जातात. यावरून निष्कर्ष स्पष्ट निघतो : बांबू छपराखाली उत्तम, छपरावर नव्हे. वासे, रिपा, आणि कौलाखाली बांबूचे तट्टे, ही त्याची खरी जागा.

एक अपवाद आहे. बेंगळूरच्या भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आणि केंद्र सरकारच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने बांबूच्या चटया राळेत बुडवून व दाबून नागमोडी पत्रे तयार केले. ते सिमेंटच्या पत्र्याच्या जागी बसतात, हलके असतात, धातूइतके तापत नाहीत. ज्यांना पत्राच हवा त्यांनी या पत्र्याची चौकशी अवश्य करावी.

कौल : मातीचे छप्पर

उरले कौल. कौल म्हणजे भाजलेली माती, म्हणजे तेही निसर्गाचेच. नळीचे देशी कौल कुंभार चाकावर करी. मातीची निमुळती नळी करून ती उभी दोन भागांत कापली की दोन कौले होत. त्यांना खिळा नाही, खाच नाही. स्वतःच्या वजनाने आणि एकमेकांच्या आधाराने ती बसत. वानर, मांजर आणि वारा ती हलवीत, म्हणून दरवर्षी मृगापूर्वी ती परतावी लागत.

पुढे मंगलोरी कौल आले. बासेल मिशनच्या जर्मन कारागिरांनी १८६५ च्या सुमारास मंगळूरला नेत्रावतीच्या गाळाच्या मातीतून यंत्रावर दाबलेली कौले करण्याचा कारखाना काढला, आणि ती गलबतांनी पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. या कौलाला खाचा असतात, म्हणून एक कौल दुसऱ्यात अडकते आणि वजन कमी लागते. कौलांच्या सांध्यातून गरम हवा वर निसटते. पावसात माती थोडे पाणी पिते आणि ऊन पडल्यावर ते वाळताना छप्पर थंड करते. खाऱ्या हवेने कौल गंजत नाही. आग त्याला लागत नाही, कारण ते आगीतूनच आलेले असते. त्यावर पावसाचा आवाज येतो, पण तो सोबत करणारा आवाज असतो.

मंगळूरकडचे पुष्कळ कारखाने आता बंद पडले आहेत. गुजरातेतील मोरबीहून कौले येतात. म्हणून जुन्या घराची उतरलेली कौले फोडून भरावात घालणे हे लक्ष्मी लाथाडण्यासारखे आहे. ती धुऊन, वाजवून पाहावीत. खणखणीत वाजेल ते कौल पुन्हा चढवावे. बद्द वाजेल ते बाजूला ठेवावे. बाजूला ठेवलेल्याचाही उपयोग आहे. केरळात स्थायिक झालेले इंग्रज वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी सिमेंटच्या स्लॅबच्या खालच्या भागात, सळयांच्या मधल्या चौकटींत टाकाऊ कौले बसविण्याची पद्धत रूढ केली. त्या जागी काँक्रीट तसेही फारसे कामाचे नसते. त्यामुळे सिमेंट वाचते, स्लॅब हलका होतो आणि खालची खोली कमी तापते.

वायुकुंड : ३ जून २०२०

वाऱ्याची कसोटी अलिबागेने प्रत्यक्ष दिली. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत पोहोचले. रोहिणी नक्षत्र चालू होते, मृगाला चार-पाच दिवस उरले होते. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, हजारो घरांची छपरे उडाली, आणि डोक्यावर पाऊस येऊन ठेपला.

त्या दिवसाने काही गोष्टी शिकविल्या. वारा छप्पर दाबून पाडत नाही, तो ते वर उचलतो. तो प्रथम वळचणीला, टोकांना आणि आढ्याला हात घालतो. पत्रा सुटला तर अखंड सुटतो आणि उडणारा पत्रा तलवारीसारखा असतो. कौले सुटतात ती थोडी थोडी, कडेची आधी. आणि दुसऱ्या दिवशी घरमालक उरलेल्या कौलांनी निम्मे घर तरी झाकू शकतो. यावरून करावयाचे उपाय सोपे आहेत. वळचणीच्या दोन ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्याजवळची ओळ यांतील प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रिपेला बांधावे. मंगलोरी कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक ठेवलेले असते. आढ्याची कौले चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मालात पक्की बसवावीत. वासा तुळईला आणि तुळई खांबाला बांधलेली असावी. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला कमी अडते, म्हणून नवे छप्पर शक्यतो चौपाखी करावे. पेंढ्याच्या आणि झापाच्या छपरावर जुने जाळे टाकून त्याला कडेने दगड बांधण्याची किनाऱ्यावरची रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

सांधा आणि सुतार

उत्तम सुतारकामाला लोखंडच हवे असे नाही, याचा पुरावा अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली. लोखंडाने चुंबकसूची विचलित होते, म्हणून वेधगृहांच्या बांधकामात ते कटाक्षाने टाळले गेले. खाऱ्या वाऱ्यात खिळा गंजतो, गंज लाकूड खातो. कूस घालून केलेला लाकडी सांधा मात्र टिकतो. असा सांधा करणारे जे सुतार आज पंचक्रोशीत आहेत त्यांच्या हाताखाली दोन तरुण या निमित्ताने तयार झाले, तर तोही एक जीर्णोद्धारच ठरेल.

जपानमध्ये इसे येथील मोठे देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्याचे छप्पर गवताचे असते. २०१३ साली बासष्टावी उभारणी झाली. छप्पर टिकाऊ नाही हे ठाऊक असूनही ते लोक ते बदलत नाहीत, कारण वीस वर्षांनी एकदा जुन्या कारागिराला नव्या कारागिराच्या हातात विद्या ठेवता येते. त्याच देशातील शिराकावा नावाच्या खेड्यात गवती छप्पर शाकारायला सगळे गाव एकत्र येते. त्या खेड्याला १९९५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. अष्टागरातही शाकारणी एकेकाळी अशीच होती. आज तुझे घर, उद्या माझे. मजुरी नाही, जेवण मात्र घरधन्याचे.

देवळाचे छप्पर

आता प्रत्यक्ष देवळाकडे. देवळात नंदादीप तेवतो, धूप जळतो, आरती फिरते. म्हणून गवत, पेंढा किंवा झाप यांना मुख्य छपरावर जागा नाही. उकाडा, आवाज आणि गंज यांमुळे पत्राही नको. सभामंडपाला उत्तम ते कौल, खाली बांबूचे तट्टे किंवा लाकडी फळ्या, आणि उतार असा की अर्धी रुंदी दहा हात असेल तर आढे सहा हात उंच.

हिशेब समजावा म्हणून उदाहरण घेऊ. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब मंडप म्हणजे बाराशे चौरस फूट. उतारामुळे आणि वळचणीमुळे छप्पर भरते सुमारे पंधरा-सोळा ब्रास. एका ब्रासला मंगलोरी कौले साधारण दीडशे. म्हणजे तेवीसशे-चोवीसशे कौले. फुटतूट आणि शिल्लक धरून पंचवीसशेच्या वर. प्रत्येकी अडीच किलो धरले तर छपरावर सहा टनांच्या आसपास वजन येते. हे वजन वाऱ्याला दाबून धरते, पण खांब आणि तुळया त्या तोलाच्या हव्यात. यास्तव जाणकार अभियंत्याकडून त्यांची तपासणी आधी व्हावी. कौलांचा भाव नंतर विचारावा.

महाप्रसादाच्या पाकशाळेलाही कौलच असावे. पंगतीचा मांडव मात्र दरवर्षी झापाचा करावा. उत्सव झाला की तो उतरवावा, जुने झाप चुलीला द्यावेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विणावेत. म्हणजे विणणाऱ्या हातांना दर वर्षी काम राहील आणि ती कला पुस्तकात न जाता अंगणात राहील.

शेवटी एक सूचना. जीर्णोद्धाराचा हिशेब बंद करताना दोनशे कौले शिल्लक म्हणून देवळाच्या मागे सावलीत उभी रचून ठेवावीत, आणि दर वर्षी मृगापूर्वीचा एक रविवार गावकीने ‘शाकारणीचा दिवस’ म्हणून धरावा. प्रत्येक घरातून एक माणूस यावा. शिडी लावावी, पन्हाळीतला पाला काढावा, सरकलेली कौले सारखी करावीत, फुटलेली बदलावीत, तारा तपासाव्यात. सकाळी सुरू केलेले काम दुपारच्या जेवणापर्यंत आटोपते. एवढे घडत राहिले तर हे छप्पर नातवंडांच्या काळातही कोरडे राहील आणि पुढच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढण्याची पाळी पुष्कळ वर्षे येणार नाही.

पर्जन्य, वायू आणि अग्नी या तिघांचीही कृपा गावावर असो, आणि तिघांपासून रक्षण करणारे हात गावातच असोत, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.